निळ्या आभाळाखालचा पूर

सप्टेंबर २०२१च्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. विरत विरत ते मराठवाड्यावर आलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली घालून पुढे अरबी समुद्रात उतरलं. तिथे त्याला पुन्हा बळ चढलं, नाव ‘शाहीन’ झालं आणि ३ ऑक्टोबरला त्याने ओमानचा बातिना किनारा गाठला. जिथे वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, त्या पट्ट्यातल्या खाबूरात एका दिवसात साडेतीनशेहून अधिक मिलिमीटर कोसळला.

वादळाच्या दिवशी माणसं ऐकतात. ओमानमध्ये खरा घात होतो तो एरवी, वादीत.

वादी म्हणजे कोरडं नदीपात्र. रस्ता त्याच्यातून आडवा जातो, आपल्याकडच्या फरशी पुलासारखा. दूर हजर पर्वतात ढग फुटतो. खाली ऊन असतं, आभाळ निळं असतं आणि वळणावरून गढूळ लोंढा येतो. गाड्यांची रांग लागते. पाण्याची उंची दाखवणारा लाल-पांढरा खांब कडेला उभाच असतो. तरी एखादा चालक पुढे सरकतो. तो पार झाला की मागच्यालाही धीर येतो. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. जाणूनबुजून वादीत गाडी घातली तर ओमानच्या कायद्यात तुरुंग आणि दंड दोन्ही आहेत. चालकाला हे सगळं ठाऊक असतं. फक्त ‘ते दुसऱ्याचं होतं’ असं त्याला वाटतं.

या ‘दुसऱ्याचं’चा माग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मेंदूशास्त्रज्ञ ताली शॅरॉट यांनी काढला. २०११च्या प्रयोगात लोकांना कर्करोग, चोरी अशी ऐंशी संकटं आपल्यावर ओढवण्याची शक्यता किती, हे विचारलं आणि मग खरा आकडा दाखवला. आकडा अपेक्षेपेक्षा दिलासा देणारा असेल, तर लोक आपला अंदाज चटकन बदलत. वाईट असेल, तर फारसे हलत नसत. कपाळामागच्या मेंदूचा उजवा खालचा भाग वाईट बातमीची नोंद अर्धवट घेत होता. ज्यांचा आशावाद जास्त, त्यांच्यात अधिकच अर्धवट. हा फरक गणिती पद्धतीतून आलेला भास असू शकतो, असा आक्षेप काही मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

मात्र २०१८चा एक निष्कर्ष वादीशी थेट जुळतो. माणूस धास्तावलेला असताना वाईट बातमी त्याच्या मनात नीट उतरते. कोलोरॅडोच्या अग्निशामक जवानांमध्येही हेच दिसलं. म्हणजे वादळाची शिट्टी वाजते तेव्हा मेंदूची दारं उघडी असतात आणि निळ्या आभाळाखाली, घरी जायच्या घाईत, ती मिटलेली असतात. धोक्याच्या सूचना नेमक्या त्याच वेळी हव्या असतात.

आशावाद उपटून टाकायचा, असा याचा अर्थ नाही. त्याच्याशिवाय कोण कोकणातलं घर सोडून मस्कतला नशीब काढायला येईल? नैराश्याने ग्रासलेल्यांमध्ये हा झुकाव क्षीण झालेला आढळतो, हेही लक्षात घ्यायला हवं.

मग मन वळवायचं कसं? न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात कॅमेरे लावूनही दहा टक्क्यांपेक्षा कमी कर्मचारी नियमाप्रमाणे हात धूत होते. भिंतीवरच्या फलकावर त्यांचं चालू प्रमाण आणि शाबासकी झळकू लागताच ते ऐंशीच्या वर गेलं. रोगाची भीती जुनीच होती. चांगल्या वागण्याचं फळ मात्र आता लगेच डोळ्यांना दिसत होतं.

वादीकाठी हे काम शेजारच्या सीटवरचा माणूस करू शकतो. ‘वाहून जाल’ हे वाक्य चालकाच्या मेंदूला सहज झटकता येतं. “दादा, त्या खांबाकडे बघा, पाणी कुठवर आलंय. थोडं थांबू, ओसरेल. मी घरी कळवतो, जेवायला उशीर होईल म्हणून.” यात निवड चालकाचीच राहते आणि बक्षीस तासा-दोन तासांवर, घरच्या ताटात असतं. एक गाडी अशी थांबली की मागची गाडीही इंजिन बंद करते.