मोटारीचा पट्टा कसा पारखावा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली मोटार कात्रजचा डोंगर ओलांडून वरवे बुद्रुकच्या परिसरांत येते, तेव्हां खंबाटकीचा घाट अजून पुढेंच असतो. अशा घाटांत इंजिनाच्या कप्प्यांवरचा रबरी पट्टा तुटला, तर वीज उत्पन्न करणारें यंत्र थांबतें; पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही थांबतो व इंजिन तापून निकामी होऊं शकतें. म्हणून बाजारांतील परक्या कारखान्याचा पट्टा घेतांना केवळ किंमत पाहूं नये.

प्रथम त्यावरील अक्षरें वाचावीं. ‘६ पीके १२००’ म्हणजे सहा धारा व १२०० मिलिमीटर लांबी. धारा एकसारख्या असाव्या. कडेचे दोरे सुटलेले नसावे.

टिकाऊपणाची परीक्षा मात्र आतां बदलली आहे. जुने निओप्रीनचे पट्टे भेगा दाखवून आपलें वय सांगत. आजचे बहुतेक पट्टे ईपीडीएम रबराचे असतात; त्यांना भेगा क्वचितच पडतात, ते जोड्याच्या तळव्याप्रमाणें झिजतात. धारांतील पांच टक्के रबर गेलें तरी पट्टा घसरूं लागतो. तेव्हां भेग नाहीं म्हणून पट्टा धड, असें मानूं नये. खांचेंत झिजेचें माप बसवून पाहावें. आणि कप्पी वांकडी असेल, तर उत्तम पट्टाही टिकत नाहीं. यास्तव पट्ट्याबरोबर कप्पीचीही पारख करावी.