सिंदीचे रूळ कुठे भेटतात?

सिंदी (रेल्वे) या गावाच्या नावातच रेल्वे आहे. नागपूर-वर्धा मार्गावरच्या या स्टेशनात फलाटाच्या टोकाशी उभं राहिलं की लांबवर दोन्ही रूळ एकमेकांना भिडलेले दिसतात. तो नजरेचा भास. पण समांतर रूळ कुठेही न वाकता खरोखर एकत्र यावेत, अशी किमया करणारी वस्तू विश्वात असू शकते.

ती म्हणजे विश्वतंतू, कॉस्मिक स्ट्रिंग. टॉम किबल यांनी १९७६ मध्ये ही कल्पना मांडली. तापलेलं विश्व निवताना, पाणी गोठून बर्फात चिरा राहाव्यात तशा, जुन्या अवस्थेच्या काही रेषा उरल्या असतील. तंतू प्रोटॉनहून कितीतरी बारीक. पण मूळ अंदाजाप्रमाणे त्याच्या पन्नास-साठ मीटर लांबीत अख्ख्या चंद्राचं वस्तुमान! तरीही सरळ तंतू शेजारच्या वस्तूला ओढत नाही. तो भोवतालच्या अवकाशातली एक पाचर नाहीशी करतो. कागदाच्या चकतीतून पाचर कापून कडा जोडल्या की फुटाण्याच्या पुडीसारखा शंकू होतो. कागद कुठे चुरगळत नाही, फक्त घेर आखडतो. असा उभा तंतू सिंदीला १६७६ मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांमधून गेला, तर ते सुमारे ६७ किलोमीटरवर भेटतील, वर्धा ते नागपूर अंतराच्या आतच.

मला त्याहून विलक्षण वाटतं ते तंतूभोवतीच्या पोकळीचं वागणं. काही तंतूंच्या गाभ्यात चुंबकीय अभिवाह (फ्लक्स) कोंडलेला असतो. बाहेर चुंबकीय क्षेत्र शून्य. पण अहारोनोव आणि बोम यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की क्षेत्र जिथे पोचतच नाही तिथेही विद्युतभारित कणाच्या तरंगाला त्याची चाहूल लागते. क्वांटम निर्वात मुळात रिकामं नसतं. त्यातल्या क्षणिक चढउतारांनाही ही चाहूल लागते, आणि एकही कण नसताना तंतूभोवती प्रवाह फिरू लागतो. त्यातून बाहेर अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र उमटतं. अभिवाह ठरावीक एककाच्या पूर्णांक पटीत असेल, तर मात्र निर्वात हलत नाही. आर्मेनियाचे आराम सहारियन आणि ब्राझीलचे बेझेरा दे मेलो यांनी ही गणितं तपशिलात केली आहेत.

हा प्रवाह मोजणं आज शक्य नाही. तंतूंचा शोध चालतो तो दुसऱ्या वाटेनं, आणि ती वाट नारायणगावजवळच्या खोडदला जाते. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वेळ टिपतात. अशाच नोंदींवरून जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचे पुरावे जाहीर केले. पहिला संशय महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांवर. पण थरथरणारे तंतूही संशयितांच्या यादीत आहेत.

दरम्यान तंतू हलके होत गेले. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांनी त्यांच्या वजनाची कमाल मर्यादा जवळपास दहापट खाली आणली. तंतू हलका तशी पाचर अरुंद, म्हणून रुळांची भेट गेली मुंबईच्या वाटेवर नाशिकच्याही पुढे. स्पंदकांच्या नोंदींवरून बसणारी बंधनं आणखी कडक आहेत. नेहमीच्या प्रारूपांत ती जागा सुमारे पावणेसात लाख किलोमीटरवर, चंद्राच्या पलीकडे सरकते. पाचर दिसेनाशी झाली, तरी गाभ्यातला अभिवाह तंतूच्या वजनावर ठरत नाही. रूळ समांतरच राहतील, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत तो प्रवाह फिरतच असेल.