दोन वेळा खावे की दर दोन तासांनी?

चाळिशी ओलांडलेली, नोकरीत बऱ्यापैकी स्थिरावलेली मंडळी दवाखान्यात येतात तेव्हा तक्रार बहुधा दुसरीच असते. गुडघा दुखतो, छातीत जळजळते, जिना चढताना दम लागतो. तपासून होते, गोळ्या लिहून होतात, आणि दाराशी चपला घालता घालता हळूच प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, हे पोट कमी कराले का करावं जी?" मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो, "दोनदाच जेवावं, का थोडं थोडं दिवसभर खावं?"

हा वाद आपल्या महाराष्ट्रात चांगलाच रंगलेला आहे. दोन वेळाच जेवण्याचा विचार मांडला तो आपल्या विदर्भातल्याच माणसाने, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांनी. १९८० साली वयाच्या पंचविशीत आमदार झालेले, असंख्य पदव्या मिळवलेले हे गृहस्थ आहारावर व्याख्याने देत. २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हा विचार गावोगाव नेला. कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, त्या दोन वेळांना पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आटपा, मधे काही खाऊ नका आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असा त्यांचा सांगावा. २०१८ साली राज्य सरकारने त्यांना स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेचे सदिच्छादूत नेमले. दुसरीकडे मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या पुस्तकांनी थोडे थोडे, पण वेळेवर आणि घरचे खा, हा विचार घरोघर पोचवला होता. झाले. लग्नाच्या पंगतीत सुद्धा दोन तट पडू लागले.

दोन्ही बाजूंची माणसे बारीक झालेली मी पाहिली आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसे पुन्हा जाड झालेलीही पाहिली आहेत. २०२२ साली चीनमध्ये झालेला एक अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. १३९ लठ्ठ माणसे घेतली. सगळ्यांना सारखेच कमी उष्मांक दिले. अर्ध्यांना सांगितले की सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचे. बाकीच्यांना वेळेचे बंधन नव्हते. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलो, आणि हा फरक शास्त्राच्या कसोटीवर फरक म्हणण्याइतका भरला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण पोटात किती गेले याला महत्त्व. दोन वेळा जेवल्याने ज्याचे एकूण खाणे कमी होते, त्याला ती पद्धत लागू पडते. दोन जेवणांत चार जेवणांचे उरकून घेणाऱ्याला नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते.

माझ्याकडे येणाऱ्याला मी वजनकाट्यावर उभे करण्याआधी पोट मोजतो. याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून दुपटीहून अधिक फरक! आपली हाडापेराने बारीक दिसणारी माणसे आतून अशी चरबीदार असतात, आणि ती चरबी पोटात, यकृताभोवती साठते. म्हणूनच "आमच्या घरात कोणी जाडं नाही जी" म्हणणाऱ्या घरात साखरेची बीमारी निघते. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी मापे खाली आणली ती यासाठीच. बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त समजावे, आणि पोटाचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर व बाईचा ८० सेंटिमीटर याच्या आत असावा.

टेप नसेल तर सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि ती अर्धी सुतळी पोटाभोवती गुंडाळा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे, श्वास सोडल्यावर, आणि पोट आत न ओढता! टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर मधली फट दर महिन्याला मोजत जा. काट्यावरचे आकडे पाण्याने, मिठाने, आदल्या दिवशीच्या जेवणाने खाली-वर होतात आणि माणूस हिरमुसतो. सुतळी त्या मानाने सरळमार्गी आहे.

आता आपल्या वरठीकडे येऊ. आपल्याकडे कामावर जाणारी माणसे ढोबळमानाने दोन प्रकारची. एक म्हणजे भंडारा रोड स्टेशनवरून नागपूरला अपडाउन करणारी: बँकवाले, शिक्षक, कार्यालयातले बाबू. दुसरी सनफ्लॅगसारख्या कारखान्यांत पाळीने काम करणारी. या दोघांनाही पुण्या-मुंबईच्या पुस्तकातला दिनक्रम जमत नाही.

अपडाउनवाल्याचे पाहा. सकाळी गाडी गाठायची म्हणून घोटभर चहा घेऊन निघायचे. गाडीत किंवा स्टेशनबाहेर तर्रीपोहे नाहीतर आलुबोंडा. कार्यालयात कोणी आले की चहा, कोणी गेले की चहा. दिवसाचे सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर साठ ग्रॅम साखर झाली, म्हणजे २४० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत असावी, पंचवीसच्या आत असेल तर उत्तम. इथे ती मर्यादा नुसत्या चहातच ओलांडली. पेढे, जिलबी अजून मोजलीच नाही. एक आलुबोंडा दीडशे ते दोनशे उष्मांकांचा; तो उतरवायला तीन-चार किलोमीटर चालावे लागते. मग रात्री नऊ वाजता घरी आल्यावर भुकेला माणूस भाताच्या ढिगाला भिडतो, आणि तासाभरात झोपतो.

याचा हिशेब उलटाही करता येतो. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. रोजचे अडीचशे कमी केले तर महिन्याला किलोभर चरबी जायला हवी. प्रत्यक्षात शरीरही काटकसर करू लागते, त्यामुळे जरा कमीच जाते. म्हणजे नुसती चहातली साखर सुटली तरी सहा महिन्यांत तीन-चार किलो उतरू शकतात, मात्र ती भूक दुसऱ्या कशाने भरून काढायची नाही. पंच्याहत्तर किलोच्या माणसाला चार किलो म्हणजे पाच टक्के. एवढ्यानेही रक्तदाब, साखर आणि यकृतावरची चरबी यांत सुधारणा दिसू लागते. महिन्यात दहा किलोच्या जाहिराती वाचणाऱ्याला हे फारच मामुली वाटते, याची मला कल्पना आहे.

भात सोडा असे मी कोणाला सांगत नाही. भंडारा-गोंदिया हा धानाचा मुलूख. इथल्या माणसाला भात सोडायला सांगितले तर तो आठ दिवस सोडतो, नवव्या दिवशी दुप्पट खातो आणि दहाव्या दिवशी डॉक्टर बदलतो. भात एक तृतीयांश कमी करा. आधी भाजी, वरण, मठ्ठा पोटात जाऊ द्या, भात शेवटी घ्या. वरण पातळ पाण्यासारखे नको, घट्ट हवे. उसळ, अंडे, आपल्या तलावातली मासळी ताटात वाढली पाहिजे, कारण चाळिशीनंतर दरवर्षी स्नायू थोडे थोडे झिजतच असतात आणि उपाशी राहून वजन घटवणाऱ्याचे स्नायू चरबीबरोबरच जातात. पुढे वजन परत येते तेव्हा चरबीच जास्त परत येते, स्नायू मागे राहतात. मांसाहार करणाऱ्यांनी सावजी रश्शावरची तेलाची तर्री बाजूला काढावी. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच किलोपेक्षा जास्त तेल लागत असेल तर कढईकडे लक्ष द्या.

पाळीवाल्यांचा प्रश्न अधिक अवघड. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्यात रात्रपाळी, अशा माणसाने दोन वेळा ठरवायच्या तरी कोणत्या? २०२१ साली बोस्टनच्या संशोधकांनी १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळी करायला लावली. ज्यांना रात्री जेवण दिले त्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांना फक्त दिवसा जेवण दिले त्यांची वाढली नाही. प्रयोग लहान आहे, पण त्यातून व्यवहाराला उपयोगी पडणारी गोष्ट निघते. रात्रपाळीला निघण्यापूर्वी घरी नीट जेवून निघावे. रात्री दोन वाजता डबा उघडायचा झालाच तर मूठभर फुटाणे, ताक, एखादे फळ. भाताचा डबा त्या वेळी नको. सकाळी घरी आल्यावर हलके खाऊन झोपावे आणि ती झोप कोणी मोडू नये. पाहुणे आले म्हणून रात्रपाळीच्या माणसाला उठवणे हा आपल्याकडचा एक निष्कारण शिरस्ता आहे. झोप मोडली की भूक भडकते, आणि ती गोड-तळलेल्यावरच जाते.

नोकरी करणाऱ्या बायकांबद्दल दोन शब्द. सकाळी सगळ्यांचे डबे भरून स्वतः उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकायचे, आणि रात्री अन्न वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातले उरलेले संपवायचे. पाळी जाण्याच्या वयात चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, त्यात ही भर. अशा बाईंना मी आहाराचा तक्ता देत नाही. घरात आठवड्याभराचा भात मोजून शिजवा, एवढेच सांगतो. आणि थायरॉइडची तपासणी एकदा जरूर करावी, पण ती नॉर्मल आली की थायरॉइडवरचा आळ मागे घ्यावा.

चालण्याविषयी लोकांचा एक गैरसमज असतो की चालून वजन उतरले नाही तर चालणे वाया गेले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे सरासरी सेहेचाळीस वर्षांची होती, म्हणजे आपल्याच वयाची. ज्यांच्या राहणीत काही बदल केला नाही त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालायला आणि खाणे आवरायला लावले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ राहिले. आणि गंमत म्हणजे त्यांचे वजन जवळपास होते तेवढेच राहिले होते! तेव्हा गाडी सुटेपर्यंत फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहा. बाकड्यावर बसून राजकारण बोलण्यापेक्षा ते केव्हाही बरे. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठा-बसा, तेवढाच मांड्यांना व्यायाम.

२०२५ सालापासून वजनाच्या नव्या इंजेक्शनांची चौकशी सुरू झाली आहे. औषधे खरी आहेत, वजन उतरते. पण सेमाग्लुटाइड थांबवलेल्या रुग्णांचा माग घेतला तेव्हा उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आले, असे दिसले. मधुमेह, हृदयविकार, फार जास्त वजन असणाऱ्यांनी तज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याचा विचार करावा. लग्नाआधी दोन महिन्यांसाठी म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नये.

शेवटी एक गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. साखरेच्या गोळ्या चालू असलेला माणूस शेजाऱ्याचे ऐकून सोमवारपासून दोन वेळ जेवणावर जातो आणि सकाळची ग्लिमेपिराइड मात्र नेहमीप्रमाणे घेतो, असे वारंवार घडते. दुपारी बाराच्या सुमारास त्याला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. त्या क्षणी तो मोटरसायकलवर असू शकतो, किंवा चालू मशीनजवळ. साखर एकाएकी खाली गेल्याची ही लक्षणे आहेत. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा पाजावी आणि नंतर खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फारसा नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला निश्चित आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. वजन उतरू लागले की तोच डोस जास्त होतो आणि उठल्यावर चक्कर येते. म्हणून जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील तर त्याआधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन डोस ठरवून घ्या. गोळ्यांची नावे पाठ नसली तरी हरकत नाही, रिकामी पाकिटे खिशात घालून न्या.