सयामचा आंबा-भात : चिकटपणा हाच ज्याचा गुण

‘शितावरून भाताची परीक्षा’ असे आपण म्हणतो खरे. परंतु त्या परीक्षेस कसोटी कोणती लावावयाची, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. लहान मुलांचा गुरगुट्या भात सोडला, तर साखरभात असो, नारळीभात असो की मसालेभात असो, शीत न् शीत मोकळे झाले पाहिजे, हा आपल्या स्वयंपाकघरातला दंडक आहे. तो इतका जुना आहे की भात चिकटला म्हणजे बिघडला, असे आपण धरूनच चालतो. मात्र ह्याच आशियाखंडात असे मुलूख आहेत, की जेथे चिकटणे हा तांदळाचा दोष नसून गुण समजतात, आणि त्या गुणासाठीच त्याची लागवड करतात. लाओस देश आणि थायलंडचा उत्तर व ईशान्य भाग हे त्यांपैकी प्रमुख होत. तेथील लोक ह्या तांदळाचा भात वेताच्या किंवा बांबूच्या झाकणीच्या करंडीत ठेवतात आणि हाताने त्याच्या लहान लहान गोळ्या करून कालवणाबरोबर खातात. तेथे ते रोजचे अन्न आहे.

ह्याच तांदळाचा एक गोड पदार्थ अलीकडे आपल्याकडील सुशिक्षित घरांतून ऐकू येऊ लागला आहे. थाई भाषेत त्याचे नाव ‘खाव नियाव मामुआंग’. खाव म्हणजे तांदूळ किंवा भात, नियाव म्हणजे चिकट, आणि मामुआंग म्हणजे आंबा. नावात अलंकार मुळीच नाही. जे पानात पडते तेच नावात आहे. उकडलेला चिकट भात नारळाच्या गोड दुधात मुरवावयाचा, शेजारी पिकलेल्या आंब्याच्या फोडी मांडावयाच्या आणि वरून किंचित खारट असे नारळाचे दाट दूध सोडावयाचे, एवढाच हा पदार्थ. 2022 च्या एप्रिलात मिली नावाच्या एका तरुण थाई गायिकेने अमेरिकेतील कोचेला येथील संगीतोत्सवात व्यासपीठावरच तो खाल्ला. त्याबरोबर तिच्या मायदेशात त्याची मागणी एकाएकी वाढली आणि बाहेरच्या जगातही त्याचे नाव झाले.

ज्या देशास आमच्या पिढीच्या वडिलधाऱ्यांनी सयाम म्हटले, त्याचे थायलंड हे नाव 1939 सालचे. त्या देशाशी आमच्यासारख्या संस्कृतवाल्यांचा ऋणानुबंध शब्दांतून सापडतो. थाई नववर्षाचा सण एप्रिलच्या 13 तारखेपासून 15 तारखेपर्यंत असतो. त्याचे नाव ‘सोंगक्रान’, आणि ते आपल्या ‘संक्रान्ति’ शब्दाचेच रूप होय. सूर्याच्या मेषसंक्रमणाशी त्याचा संबंध आहे. 2023 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात ह्या सणाची नोंद केली. तेथील आंब्याचा भर मोसमही ह्याच उन्हाळ्यात येतो, आणि म्हणून हा पदार्थ त्या दिवसांचा मानतात. त्यासाठी तेथे ‘ओक रोंग’ आणि ‘नाम दोक माय’ ह्या आंब्यांना विशेष मान आहे. दुसऱ्याच्या नावाचा अर्थ ‘पुष्पजल’ असा होतो, हे वाचून संस्कृतज्ञांस संतोष वाटेल.

तांदळाचा स्वभाव

हा पदार्थ आपल्याकडे बिघडतो तो बहुधा एका गैरसमजामुळे : कोणताही तांदूळ जास्त पाणी घालून शिजविला म्हणजे चिकट भात होतो, असे आपण समजतो. तसे नव्हे. पिष्टाचे मुख्य घटक दोन, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आपल्या नेहमीच्या तांदळात दोन्ही असतात. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतेच. सारा अमायलोपेक्टिनचा कारभार. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा, की हा गुण तांदळाच्या एका जनुकातील फेरफाराने आला, तो एकदाच, आणि बहुधा आग्नेय आशियात उपजला. पुढे माणसाने तो आवडीने जपला. म्हणजे ज्याला आपण शिजविण्यातील चूक समजतो, तो येथे बियाण्यातील वारसा आहे.

हा तांदूळ ओळखावयाचा कसा? आपला कच्चा तांदूळ उजेडात धरला तर थोडा पारदर्शक दिसतो. चिकट तांदूळ खडूसारखा पांढराशुभ्र, अपारदर्शक असतो. शिजल्यावर मात्र उलट होऊन तोच काचेसारखा चमकतो. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांच्याकडून आणखी एक परीक्षा करवून घ्यावी. दोन्ही तांदूळ थोडे कुटून, पाण्यात उकळून, निवल्यावर त्यांवर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. आपल्या तांदळाचे पाणी निळेकाळे होईल, चिकट तांदळाचे तांबूस तपकिरी. मात्र आयोडीन लावलेले ते पाणी लगेच टाकून द्यावे.

बाजारात जाताना एक सावधगिरी बाळगावी. ‘जास्मिन’ नावाने मिळणारा थाई तांदूळ सुवासिक असतो, पण तो हा नव्हे. शहरांतल्या मोठ्या दुकानांत चिकट थाई तांदळाची पाकिटे मिळतात. त्यांतही चियांग राय प्रांताचा ‘खियाव ङू’, म्हणजे ‘सापाचा सुळा’, ह्या नावाचा लांब निमुळता दाणा ह्या पदार्थासाठी नावाजलेला आहे. आपल्याच देशात आसामात ‘बोरा’ तांदूळ पिकतो. तोही चिकट जातीचा असून बिहूच्या दिवसांत त्याचे पिठे करतात. मणिपूरचा काळा ‘चाखाओ’ तांदूळही ह्याच गोत्रातला. त्यास 2020 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या मते इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घेऊन हा पदार्थ करू नये. त्यांची चव उत्तमच आहे; पण त्यांतून होईल ती नारळाच्या दुधातली खीर. ती अवश्य करावी, आणि तिला खीरच म्हणावे.

आमच्या घरची हकीकत

गेल्या वैशाखात आमच्या धाकट्या सूनबाईंनी हा पदार्थ प्रथमच केला. आमच्या वहिनींनी झाकण काढून पाहिले आणि त्या आम्हांस म्हणाल्या, “भावोजी, भात पार गिचका झाला हो. एवढे तीन नारळ फुकट गेले.” सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघरातले एक वाक्य किती खोल जाते, हे वाचकभगिनींस आम्ही सांगावयास नको. आम्ही म्हणालो, “वहिनी, ह्या तांदळाची जातच निराळी. त्याला साखरभाताचे माप लावू नका. एक घास घेऊन तर बघा.” वहिनींनी घास घेतला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “दुधात मीठ घातलंस होय ग?”

प्रश्न अस्थानी नव्हता. दूध आणि मीठ एकत्र करू नये, ही आपल्या घरांतली जुनी समजूत आहे. सूनबाई हळूच म्हणाल्या, “काकू, हे नारळाचं दूध आहे, गाईचं नाही.” हे वहिनींस पटले, कारण नारळाच्या ह्या अंगरसात मीठ घालून आपण सोलकढी करतोच. मग त्यांनी दुसरा घास घेतला आणि स्वतःहून एक दुरुस्ती सुचविली : “चाळण पातेल्यावर ठेवलीस ना? कडेनं वाफ वाया जाते. मोदकपात्रात उकड, दाणा सारखा शिजेल.” पुढच्या रविवारी तसे केले, आणि खरोखरच भात अधिक चांगला झाला. नव्याने जुन्यास एक पदार्थ दिला, जुन्याने नव्यास एक भांडे दिले. घरातली देवघेव ह्याहून निराळी ती कोणती?

साहित्य

आठ माणसांस पुरेल असे प्रमाण पुढीलप्रमाणे : चिकट तांदूळ 500 ग्रॅम, मध्यम आकाराचे तीन नारळ, ज्यांचे घट्ट दूध साधारण 625 मिलिलिटर व्हावे, साखर 250 ग्रॅम, मीठ दोन लहान चमचे आणि वरच्या दुधासाठी आणखी अर्धा चमचा, तांदळाची पिठी एक लहान चमचा, मूगडाळ दोन मोठे चमचे, आणि पिकलेले पण हातास घट्ट लागणारे सहा ते आठ आंबे. पायरीचा रस सुंदर होतो, पण फोडी राहात नाहीत. ह्या कामास नुकता पिकलेला हापूस बरा. सुवासासाठी थाई लोक केवड्याच्या कुळातले पांदानचे पान दुधात टाकतात. काही घरांच्या कुंडीत हेच पान ‘अन्नपूर्णा’ नावाने असते. असल्यास एक घ्यावे, नसल्यास अडत नाही.

कृती

तांदूळ हलक्या हाताने चार-पाच पाण्यांतून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावा आणि भरपूर पाण्यात निदान सहा तास, शक्य तर रात्रभर भिजत घालावा. ही पायरी टाळता येणार नाही. हा तांदूळ पाण्यात शिजवावयाचा नसून वाफेवर उकडावयाचा असतो, आणि शिजण्यास लागणारे पाणी त्याने भिजतानाच पिऊन घ्यावयाचे असते. उकळत्या पाण्यात टाकल्यास अमायलोजचा आधार नसलेला हा दाणा फुटतो आणि त्याची खळ होते.

मोदकपात्राच्या चाळणीवर पातळ मलमलचे ओले फडके घालून त्यावर निथळलेला तांदूळ पसरावा. मध्यभागी लहान खळगा ठेवावा, म्हणजे वाफ वर येण्यास वाट मिळते. सुमारे 15 मिनिटांनी फडक्यासह तांदूळ उलटावा आणि आणखी 10 मिनिटे उकडावा. दाणा बोटांत दाबला असता मध्ये पांढरा कण लागू नये. तो लवचीक आणि चमकदार झाला म्हणजे समजावे की काम झाले.

दरम्यान 425 मिलिलिटर नारळाच्या दुधात साखर व दोन चमचे मीठ घालून, पान असल्यास गाठ मारून टाकून, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळावे. दूध खळखळून उकळू देऊ नये; नाही तर ते फाटून तेल वेगळे होते. साखर विरघळताच उतरवून झाकून ठेवावे.

आता ह्या पदार्थाचा खरा क्षण. थाई भाषेत ह्या क्रियेस ‘मून’ म्हणतात. चाळणीवरचा कढत भात रुंद भांड्यात काढून त्याच क्षणी त्यावर गरम दूध ओतावे, कालथ्याने दोन-तीनदाच हलकेच वरखाली करावे आणि घट्ट झाकून अर्धा तास तसाच राहू द्यावा. प्रथम दूध फार झाले असे वाटेल. परंतु फुगलेला गरम दाणा ते हळूहळू सगळे ओढून घेतो. भात निवू दिला तर तो दूध पीत नाही, आणि सारखा ढवळला तर दाणे मोडतात. ह्या दोन चुका टाळल्या म्हणजे प्रत्येक शीत शेजारच्या शिताला धरून असते आणि तरीही वेगळे ओळखू येते. ह्या भाताची परीक्षा ही.

उरलेल्या 200 मिलिलिटर दुधात अर्धा चमचा मीठ व पाण्यात कालवलेली पिठी घालून मंद आचेवर किंचित दाट करावे. ह्यात साखर घालू नये. भात गोड, आंबा आंबटगोड आणि वरचे दूध खारट, असा तिघांचा मेळ आहे. मीठ गाळले तर सगळे गुळचट लागते. मूगडाळ दोन तास भिजवून, फडक्यावर कोरडी करून मंद आचेवर कुरकुरीत भाजावी आणि वाढताना वर भुरभुरावी. हौस असल्यास गोकर्णाच्या निळ्या फुलांच्या अर्काने थोडा भात रंगवावा. थायलंडातही तो असाच रंगवितात.

काही सूचना

मधुमेह असलेल्या वडील मंडळींस हा पदार्थ आग्रहाने वाढू नये. ह्या तांदळाचे पिष्ट लवकर पचून रक्तातील साखर वेगाने वाढविते, त्यात साखर आणि आंबा. त्यांच्या पानात आंब्याची एखादी फोड व चमचाभर भात, तोही वैद्यांच्या सल्ल्याने, पुरे. गव्हातील ग्लूटेन ज्यांस सोसत नाही त्यांना मात्र हा चालतो. इंग्रजी नावावरून काहींची समजूत उलट होते. भात असल्यामुळे उपासास हा उपयोगी नाही. उन्हाळ्यात नारळाचे दूध लवकर आंबते, म्हणून केल्यावर दोन-चार तासांत संपवावा. शीतकपाटात ठेवल्यास दाणा कडक होतो. ठेवावाच लागला तर पुन्हा वाफ देऊन खावा.

आपला नारळीभात आणि हा आंबा-भात, दोन्ही तांदूळ आणि नारळ ह्यांचेच संसार. एकात दाणा मोकळा राहून गोडी धरतो, दुसऱ्यात एकमेकांस धरून. एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजले तर दोघांवरही अन्याय होतो. परका पदार्थ घरी करावयाचा तर त्याच्या चालीने करावा, आणि मग आवडला न आवडला ते मोकळेपणी सांगावे. नाही आवडला तरी बिघडत नाही. करणारीने मात्र तो बिघडविला असे म्हणू नये. आंब्याची पहिली पेटी घरी येईल त्या सुमारास ज्येष्ठ व कनिष्ठ भगिनींनी मिळून हा एकदा अवश्य करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.