दोन माणसं, आठ आठवडे

आधी होतं बर्बन

मार्च २०१० मध्ये, पुढे इन्स्टाग्राम उभारणाऱ्या केव्हिन सिस्ट्रॉमला दोन गुंतवणूक संस्थांकडून मिळून ५ लाख डॉलर मिळाले. तेव्हा त्याच्याकडे इन्स्टाग्राम नव्हतंच. होतं ते बर्बन, त्याच्या आवडत्या व्हिस्कीच्या नावाचं ॲप. आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवायचं, पुढचे बेत ठरवायचे, भेटीगाठींचे गुण मिळवायचे आणि जमलं तर फोटोही टाकायचा. पुढे माइक क्रीगर हा ब्राझीलचा तरुण त्याला येऊन मिळाला. दोघांनी बर्बनची आयफोनसाठी अख्खी आवृत्ती तयार केली, उघडून पाहिली आणि बाजूला ठेवली. त्यात नको तितकी गर्दी झाली होती.

तयार झालेलं काम असं बाजूला ठेवणं लिहायला सोपं आहे. रात्री जागून ज्याने कोड लिहिलाय, त्याला विचारा.

काय ठेवलं, काय काढलं

वापरणारे बर्बनमधलं बाकी काही फारसं वापरत नव्हते, फोटो मात्र टाकत होते. म्हणून फोटो, त्यावरची कॉमेंट आणि लाइक एवढंच ठेवून बाकी सगळं काढलं. उरलेलं नीट बांधायला सुमारे आठ आठवडे लागले. तेच इन्स्टाग्राम.

आपल्याकडे ‘एमव्हीपी’ (मिनिमम व्हाएबल प्रॉडक्ट, म्हणजे लोकांसमोर ठेवण्याजोगं किमान उत्पादन) हा शब्द फार फिरतो आणि त्याचा अर्थ ‘अर्धवट ॲप’ असा होऊन बसलाय. दहा गोष्टी अर्ध्या-मुर्ध्या करून लोकांसमोर ठेवायच्या, हा तो प्रकार नव्हे. एकच गोष्ट, पण पूर्ण, असा तो मामला आहे. मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. पुण्यात आम्ही तिघांनी हाउसिंग सोसायट्यांसाठी एक ॲप काढलं. पार्किंगचं वाटप, पाहुण्यांची नोंद, सभेचं मतदान, सगळं त्यात होतं. एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी दोन महिने ते निमूटपणे वापरलं. मग एक दिवस म्हणाले, “अहो, मला फक्त मेंटेनन्सची पावती व्हॉट्सॲपवर गेली पाहिजे. बाकीचं राहू द्या.” मतदानाच्या पडद्यावर आमचे तीन आठवडे गेले होते. तो एकदाही कुणी उघडला नव्हता.

इन्स्टाग्रामचा फिल्टर मात्र नंतर आला, तोही एका तक्रारीतून. मेक्सिकोतल्या टोडोस सँटोस इथे सुट्टीवर असताना सिस्ट्रॉमच्या मैत्रिणीने (ती पुढे त्याची पत्नी झाली) सांगितलं, की माझे फोटो चांगले येत नाहीत, मी काही हे ॲप वापरणार नाही. त्याने तिथेच बसून पहिला फिल्टर लिहिला, एक्स-प्रो टू. तेव्हाच्या फोनचे फोटो यथातथाच असत. फिल्टरने ते खपून जाऊ लागले.

वेग दिसला पाहिजे

मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते ती एक लहानशी युक्ती. २०१० साली मोबाइल इंटरनेट रडतखडत चालायचं आणि फोटो वर चढायला वेळ लागायचा. क्रीगरने इंटरनेटचा वेग वाढवला नाही, ते त्याच्या हातात नव्हतंच. माणूस फोटोखाली ओळ लिहायला लागला, की ॲप मागच्या मागे फोटो पाठवायला सुरुवात करी. ओळ लिहून बटण दाबेपर्यंत बरंचसं काम उरकलेलं असे. कुणी मध्येच विचार बदलला तर पाठवलेला डेटा वाया जाई, एवढंच. लोकांना वाटायचं, काय झटपट ॲप आहे!

मोठ्या कंपनीत याच अडचणीवर आणखी सर्व्हर घ्यायची फाइल फिरली असती.

हत्यारं ओळखीचीच

लहान टीमला नवनवीन तंत्रज्ञानाचा मोह फार असतो. या दोघांनी जँगो (वेब-ॲप बांधायचा साचा), पोस्टग्रेस (डेटाबेस) अशी वापरून वापरून गुळगुळीत झालेली साधनं घेतली. त्यांचा फायदा रात्री दोन वाजता कळतो. काही बिघडलं तर तीच चूक आधी हजारोंनी केलेली असते आणि तिचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं सापडतं. २०११ च्या अखेरीस वापरणारे १ कोटी ४० लाखांच्या वर गेले, तेव्हा हा डोलारा सांभाळायला अभियंते होते तीन.

पहिला दिवस

६ ऑक्टोबर २०१० ला ॲप बाजारात आलं. मागे लॉस एंजेलिसमधलं एकच सर्व्हर यंत्र होतं, क्रीगरच्या लॅपटॉपपेक्षाही कमी ताकदीचं. पहिल्याच दिवशी २५ हजार लोक आले आणि यंत्र धापा टाकू लागलं.

त्यात एक गंमत झाली. ब्राउझर कुठलीही साइट उघडताना तिचं एक इवलंसं चिन्ह मागतो. आपल्या साइटसाठी हे चिन्ह ठेवायचं दोघेही विसरले होते. त्यामुळे अशी प्रत्येक मागणी थेट मुख्य प्रोग्रॅमपर्यंत जाई, तिथे काही सापडत नसे आणि एक चूक नोंदली जाई. आधीच दमलेल्या यंत्रावर हा फुकटचा भार. चिन्ह ठेवलं, तो त्रास गेला. पुढच्या काही दिवसांत सगळा संसार ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरांवर हलवला. पहिल्या दिवशी नेमकं काय मोडेल ते आधी कळत नाही. म्हणून मोडेल तेव्हा दुरुस्त करणारा माणूस जागा हवा. क्रीगर पुढे कित्येक महिने जाईल तिथे लॅपटॉप बरोबर नेत असे.

पहिली नेमणूक

दोघांचे तिघे व्हायची वेळ आली, तेव्हा पहिला माणूस घेतला तो वापरणाऱ्यांशी बोलायला आणि त्यांच्या तक्रारींना उत्तरं द्यायला. अभियंता त्यानंतर. आपल्याकडच्या बहुतेक टीम हे उलटं करतात आणि तक्रारींची मेल कोण वाचणार, यावर सोमवारच्या मीटिंगमध्ये वाद घालतात.

अँड्रॉइडला ‘नंतर’

लोक अँड्रॉइडवर ॲप मागत होते. पण दोन प्रकारच्या फोनसाठी काम करायचं म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा, प्रत्येक चाचणी दोनदा. मूठभर माणसांना ते झेपलं नसतं. म्हणून पहिलं दीड वर्ष इन्स्टाग्राम फक्त आयफोनवर राहिलं आणि तेवढ्यावर वापरणारे सुमारे ३ कोटी झाले. अँड्रॉइडचं ॲप आलं ३ एप्रिल २०१२ ला. फेसबुक १ अब्ज डॉलरला कंपनी घेणार, ही घोषणा झाली ९ एप्रिलला. त्या दिवशी कंपनीत १३ माणसं होती.