गायमुखच्या वाटेवर



नाकाडोंगरीच्या कोणत्याही घरी बाप-लेकाचे बोलणे ऐका. "बांधीत पाणी सोडलं का? बैल बांधले का?" रोवणीपासून मळणीपर्यंत एवढेच. आमच्या घरीही तेच होते.

एका महाशिवरात्रीला बाबा आम्हाला बैलगाडीने गायमुखच्या यात्रेला घेऊन निघाले. वाटेत आंबागडचा किल्ला लागला. मी विचारले, "हा कोणी बांधला?" बाबा म्हणाले, "मला ठाऊक नाही रे." बाबांनाही एखादी गोष्ट ठाऊक नसते, हे मला त्या दिवशी कळले. धीर आला आणि मी सांगून टाकले, "बाबा, मी गणितात नापास झालो." ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीही सांगितले की, आपली एक बांधी गहाण आहे. (किल्ला १७०० च्या सुमारास राजा खान पठाणाने बांधला, हे मी पुढे वाचले.)

प्रवास लांबचाच हवा असे नाही. डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण जवळच आहे. रात्री धुऱ्यावर जाताना आपण जी बॅटरी नेतो, तिच्या सेलमध्ये हेच खनिज लागते, हे मुलीला वाटेत सांगा. मग ती काय विचारते ते ऐका. उत्तर येत नसेल तर तसे कबूल करा.

एक पथ्य मात्र पाळा. वाटेत मुलांनी विश्वासाने सांगितलेली चूक घरी भांडणात काढू नका. नाही तर पुढच्या वेळी गाडी जाईल, पण बोलणे होणार नाही.