अंगावरचा चट्टा अंगावर काढू नका

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका हा गिरणेच्या खोऱ्यातील कांदा पिकविणारा तालुका आहे. सप्तशृंगगडापासून अभोणा-कनाशीच्या पट्ट्यापर्यंत येथे आदिवासी शेतकरी व शेतमजूर यांची वस्ती मोठी आहे. कांद्याच्या पातीवर करप्याचा ठिपका दिसला की येथील शेतकरी ती पात खुडून त्याच दिवशी कोणा जाणत्यास दाखवितो. परंतु स्वतःच्या पाठीवर चट्टा उठला तर तो महिनोन्‌महिने सदऱ्याखाली झाकून ठेवतो. पिकाच्या बाबतीत जी तत्परता आपण दाखवितो, ती देहाच्या बाबतीत का दाखवीत नाही, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

याचे एक कारण उघड आहे. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा शहरात असतात. नाशिकला जाऊन यावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, भाडेखर्च होतो, आणि लावणी वा काढणी चालू असली तर माणूस निघूच शकत नाही. मग दुकानातून एखादे मलम आणून भागविले जाते व दुखणे बळावते.

दूरसल्ल्याची सोय

ही अडचण कमी करण्याचा एक मार्ग आता उपलब्ध आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ ही दूरसल्ला सेवा सुरू केली. मोहाली येथील सी-डॅक संस्थेने तिची यंत्रणा तयार केली आहे. एप्रिल २०२० पासून रुग्णास घरूनही या सेवेचा लाभ घेता येऊ लागला. या सल्ल्यास शुल्क पडत नाही.

ज्यांच्यापाशी चांगला फोन नाही अशांनी जवळच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णास तपासून दूरच्या डॉक्टरांशी दृक्‌श्राव्य संपर्क साधतात. तज्ज्ञ कोणत्या वारी व कोणत्या वेळी उपलब्ध असतात, याची चौकशी मात्र आधी करावी, म्हणजे हेलपाटा वाचेल.

छायाचित्र कसे घ्यावे

त्वचेचे दुखणे डोळ्यांना दिसते. म्हणून दूरसल्ल्यास ते विशेष सोयीचे आहे. मात्र छायाचित्र नीट हवे. हळद, मलम वा चुना लावलेला असल्यास तो आधी धुऊन टाकावा. दिवसाच्या उजेडात, परंतु कडक उन्हात नव्हे, एक छायाचित्र दुरून व एक जवळून घ्यावे. चट्ट्याशेजारी नाणे ठेवल्यास आकार कळतो. दुखणे केव्हा सुरू झाले, खाज आहे काय, घरात आणखी कोणास आहे काय व आजवर काय लावले, हेही सांगावे. रुग्णाच्या संमतीवाचून छायाचित्र घेऊ नये व ते इतर कोणास दाखवू नये.

शेतकऱ्यांस नेहमी होणारे त्रास

नायटा: यावर स्टेरॉइड असलेले मिश्र मलम लावल्यास लाली व खाज तात्पुरती दबते, पण बुरशी पसरतच राहते. पुढे तो नायटा ओळखणेही कठीण होते. अशी अनेक मलमे २०१८ च्या नियमान्वये डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. वापरलेल्या मलमाची नळी फेकू नये. ती डॉक्टरांस दाखवावी.

खरूज: एकट्या रुग्णाने औषध लावून भागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा आणि कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवावे.

गाजरगवत: हे परदेशी तण आपल्या देशात १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात आढळले. काहींना त्याच्या संपर्काने चेहरा, पापण्या, मान व कोपराच्या खोबणीत खाजरा दाह होतो. गवत न उपटता नुसते मलम लावीत राहिल्यास दुखणे पुनःपुन्हा उलटते. फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून ते उपटावे. ज्यास त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

फवारणीनंतर औषध अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब काढून साबणाने अंग धुवावे. चक्कर, उलटी वा धाप असल्यास दूरसल्ल्याची वाट न पाहता १०८ ला बोलवावे व औषधाची बाटली रुग्णासोबत द्यावी.

जेथे बोटेच लागतात

यंत्राला रूप दिसते, स्पर्श कळत नाही. फिक्कट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल तर रुग्णास डोळे मिटावयास सांगून त्यावर कापूस हलकेच टेकवावा. स्पर्श जाणवत नसेल तर कुष्ठरोगाचा संशय घ्यावा व रुग्णास आरोग्य केंद्रात पाठवावे. ही परीक्षा दूरच्या तज्ज्ञाला करता येत नाही. ती गावातील आशा कार्यकर्ती व आरोग्य सेवक यांनाच करावी लागते.

या रोगावरील बहुविध औषधोपचार देशात १९८३ पासून उपलब्ध आहे. तो शासनाकडून मोफत मिळतो व प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावा लागतो. वेळीच सुरुवात केल्यास हातापायांतील व्यंग टळते आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीतीही झपाट्याने ओसरते. २००५ साली देशपातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन जाहीर झाले. याचा अर्थ रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले असा होता, रोग नाहीसा झाला असा नव्हे. नवे रुग्ण आजही आढळतात. अशा रुग्णास कामावरून वा पंगतीतून दूर सारणे हे अज्ञानाचे लक्षण होय. अशा वागणुकीच्या भयानेच लोक चट्टा लपवितात.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

शेतावर पीक पाहावयास जाणाऱ्या कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या हातापायांकडेही पाहावे. ग्रामसभेत उपकेंद्राची वेळ सांगावी. ज्याच्याजवळ फोन नाही त्यास सोबत न्यावे. आदिवासी पाड्यावरील रुग्णाची अडचण त्याच्याच बोलीत डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी आणि डॉक्टरांचे सांगणे त्याला नीट समजले की नाही, हे पुन्हा विचारून पाहावे. औषध सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याची चौकशी करावी. कांद्याच्या शेतात आपण एका फवारणीनंतर पीक पाहावयाचे सोडीत नाही. रुग्णाच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.